पडद्यावरची पर्वती

"पिकू दे अजून थोडा," असं म्हणत मी मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं. शेवटी नारायण पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दोन्ही डोळ्यांवर उजेड मारून बघितलं आणि विचारलं, "पिकू दे म्हणजे? लोणचं घालायचंय का?" डावा डोळा जास्त बिघडला होता, म्हणून तो आधी करायचं ठरलं. मी म्हटलं, "मशीनवर कधी बसता येईल?"

"कसल्या मशीनवर?"

"शिवणाच्या. मी ब्लाऊज शिवते."

त्यांनी केसपेपरवरची मान वर केली. "या डोळ्यांनी?"

खरं तर डोळ्यांनी शिवणं मी कधीच सोडलं होतं. बिबवेवाडीत तळमजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं पायाचं मशीन आहे, आणि चौतीस वर्षं मी त्याच जागी बसून शिवत आले आहे. हात इतके सरावले होते, की बाही जोडायच्या मुंढ्याचा बाक कुठे वळतो, टक्स कुठे संपतो, हे बोटांनाच कळायचं. सुईत दोरा मात्र बोटांना ओवता येत नाही. तो आमचे हे ओवून द्यायचे. सकाळी चहा झाला की दहा सुयांत दहा रंगांचे दोरे ओवून टाचण्यांच्या उशीवर टोचून ठेवायचे आणि मगच पेपर उघडायचे. हे भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मिलिमीटरचे भाग मोजण्यात यांचं आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून घरातल्या पोळ्यांची जाडी बघायचे.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. भीती होती तेवढं काहीच नव्हतं. डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला, वर लख्ख दिवा आला, पाणी सोडल्यासारखं वाटलं, आणि मी मनात रामरक्षा निम्मी म्हणते आहे तोवर बाई म्हणाल्या, "झालं. उठा."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर उभ्या असलेल्या सिस्टरच्या ओढणीवर बारीक निळी फुलं होती. निळी. मी बघतच राहिले. निळा रंग माझ्या जगातून कधी गेला ते मला कळलंच नव्हतं, त्यामुळे तो परत आला तेव्हा मी अगदी बेसावध होते. घरी आल्यावर पुढच्या खोलीत उभी राहिले आणि यांना विचारलं, "आपण भिंतीला क्रीम रंग दिला होता ना?"

"नाही. पांढरा दिला होता. तूच दोन वर्षं क्रीम म्हणते आहेस."

"मग बोलला नाहीत?"

"भिंतीवरून काय भांडायचं?"

मग मी दोऱ्यांचं कपाट उघडलं. जांभळ्यांच्या रांगेत चॉकलेटी रिळं होती, काळ्यांच्या रांगेत गडद निळी, आणि पांढरी म्हणून वेगळी ठेवलेली निम्मी रिळं पिवळट होती. म्हणजे गेली दोन वर्षं मी लोकांना काय शिवून देत होते? माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी त्यांना फोन केला आणि सरळ विचारलं, "बाई, मागच्या वर्षी शिवलेल्या जांभळ्या ब्लाऊजला दोरा कोणता आहे?"

"चॉकलेटी," त्या म्हणाल्या.

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं हल्ली तशी पद्धत असेल. शिवाय दोरा आतून असतो. माझ्या वयात आत कोण बघतंय?"

फोन ठेवून मी इतकी हसले की यांनी येऊन आधी माझा डोळा तपासला, हसण्याने टाका निघाला की काय म्हणून. टाका घातलाच नव्हता हे यांना तीनदा सांगावं लागलं.

ते चार आठवडे मी लहान मुलीसारखी हिंडले. पायरीवर बसून समोरच्या शेवग्याची पानं बघायची. तांदूळ निवडायला घ्यायचे आणि खडे सापडेनात म्हणून वाण्याचं कौतुक करायचं. यांच्या कानावर केस किती वाढले आहेत तेही दिसलं आणि त्याच दिवशी यांना सलूनमध्ये पाठवलं. त्याच भरात मी एक मोठं काम अंगावर घेतलं. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर एक मुलगी राहते. तिचे शाळेचे फ्रॉक मी शिवलेले. आता ती हिंजवडीला कंपनीत आहे आणि तिचं लग्न ठरलं होतं. रामा रंगाची, जांभळ्या काठाची पैठणी घेऊन ती खाली आली. "काकू, याचं ब्लाऊज तुम्हीच शिवायचं. मला बाकी कुणाचं फिटिंग आवडत नाही."

"शिवते की," मी म्हटलं. "आता मला सगळं दिसतंय."

हे बोलल्यावर आठ-दहा दिवसच गेले असतील. एका सकाळी मी कापडावर टेप ठेवली आणि टेप मधोमध वाकली. मी ती सरळ केली, तरी वाकडीच. हाताने चाचपली, हाताला सरळ लागत होती. मग खिडकीकडे बघितलं तर गज मध्ये फुगलेले, कुणीतरी ते धरून दोन्हीकडे ओढल्यासारखे. उजवा डोळा झाकला की गज फुगायचे. डावा झाकला की सरळ व्हायचे, पण धुक्यात जायचे, कारण उजव्यात अजून मोतीबिंदू होता. दोन्ही उघडे ठेवले की डोकं गरगरायचं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. वाटलं, थकवा असेल, झोप झाली की जाईल. दुसऱ्या दिवशी हे समोर बसून पेपर वाचत होते आणि मी डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघितलं, तर नाकाच्या जागी करडा डाग होता. चेहरा भोवताली होता, मधलं माणूस पुसलेलं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि दोन मिनिटं रडले. चार आठवडे देवाने दाखवलं आणि परत घेतलं, असंच मनात आलं. माझ्या आईचा एक डोळा म्हातारपणी असाच गेला होता. तिचं कारण वेगळं होतं, पण त्या वेळी कारणं कोण आठवतं?

यांनी मला पकडलं ते अस्तरावरून. मी कुणाच्या तरी साध्या ब्लाऊजचं अस्तर कापलं होतं आणि ते मेजावर पडलं होतं. हे उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले.

"ही कड सरळ कापली आहेस?"

"हो."

"सरळ नाही. मध्ये अर्धा इंच आत गेली आहे."

मी अस्तराची घडी घालायला लागले. यांनी ते बाजूला सरकवलं. कपाटातून जुना आलेखाचा कागद काढला, मधोमध पेनाने ठिपका दिला, आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, "उजवा डोळा झाक. ठिपक्याकडे बघ. चौकोन कसे दिसतात?"

"ठिपकाच दिसत नाही," मी म्हटलं. "आणि चौकोन पाण्यात पडल्यासारखे हलतायत."

यांनी कागद खाली ठेवला, चपला घातल्या आणि रिक्षा आणायला गेले. मला वाटलं होतं, लपवलं म्हणून बोलतील. रिक्षात बसल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "दोष दिसला की पहिल्या दिवशी कळवायचा असतो. दुसऱ्या दिवशी नाही."

दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला. हनुवटी टेकवून एका हिरव्या खुणेकडे बघायचं, एवढंच. बाईंनी चित्र संगणकावर आमच्यापुढे आणलं. आधी त्यांनी चांगल्या डोळ्याचं चित्र दाखवलं. पडदा मध्ये जरा खोलगट, बशीसारखा. मग माझं दाखवलं. बशीच्या जागी उंचवटा होता आणि त्यात आंबोळीला पडते तशी जाळी.

"ऑपरेशन छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण काही जणांच्या पडद्याला नंतर सूज येते. त्यात पाणी साचतं. खोलगट असायला हवं तिथे टेकडी झाली आहे."

हे पुढे वाकून निरखत होते. म्हणाले, "पर्वती."

"पर्वतीच म्हणा," बाई म्हणाल्या. "आता ती उतरवायची आहे."

मी विचारलं, "माझं काही चुकलं का? मी वाकून केर काढला होता एकदा. आणि एक दिवस थेंब घालायला उशीर झाला होता."

"तुमचं चुकलं नाही. माझंही नाही. डोळ्याला कळत नाही की दुरुस्ती झाली आहे. त्याला वाटतं मार लागलाय, म्हणून तो सुजतो. काहींचा सुजतो, काहींचा नाही."

"परत सरळ दिसेल?"

त्या पहिल्यांदाच खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या. "बहुतेकांना दिसतं. वेळ लागतो. दोन-तीन महिने धरा. दोन प्रकारचे थेंब देते, एक दिवसातून चार वेळा, एक तीन वेळा. नुसत्या थेंबांनी नाही उतरलं तर पुढचं बघू, पण बहुतेक उतरेल. घाबरू नका. आणि कागदावर चौकोन काढून कुणी आणलं तुम्हाला?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं.

"छान. आम्ही हाच कागद देतो. रोज बघत जा."

तो कागद फ्रिजवर चिकटला. थेंबांचं वेळापत्रक त्याच्या शेजारी. यांनी मोबाइलमध्ये सात गजर लावले आणि आवाज ठेवला कोंबड्याचा, का ते यांनाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "कोंबडी पाळलीत का हो? सोसायटीत चालत नाही."

थेंब हेच घालायचे, कारण माझ्या हातून गालावरच पडायचे. मी खाटेवर उताणी पडायची, हे वाकायचे, डाव्या हाताने माझी खालची पापणी हलकेच ओढायचे, श्वास रोखायचे आणि थेंब सोडायचे. मग डोळा मिटून मी पाच मिनिटं पडून राहायची आणि हे शेजारी बसून राहायचे. सुरुवातीला घड्याळाकडे बघत. नंतर काहीबाही बोलायला लागले. कारखान्यातल्या गोष्टी, ज्या चाळीस वर्षांत कधी सांगितल्या नव्हत्या. एकदा एका साहेबाने चुकलेला माल पास करायला सांगितला आणि यांनी सही केली नाही म्हणून यांची तीन महिने गोदामात बदली झाली होती. त्या तीन महिन्यांत हे घरी गप्प असायचे आणि मी समजत होते, माझ्यावर रागावले आहेत. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "तू त्या वेळी दिवसाला चार ब्लाऊज शिवत होतीस," हे म्हणाले. "तुझ्या डोक्याला आणखी कुठे ताप द्यायचा?" सात थेंब, सात वेळा पाच मिनिटं. आमच्या संसारात एवढं बोलणं एका महिन्यात कधी झालं नव्हतं.

पैठणी मात्र कपाटात होती आणि लग्न साडेपाच आठवड्यांवर आलं होतं. मी मुलीला खाली बोलावलं, साडी तिच्या मांडीवर ठेवली आणि खरं ते सांगितलं. "माझ्या डाव्या डोळ्याला रेघ वाकडी दिसते आणि उजव्याला धुकं. तू दुसरीकडे दे, बाळा. मी रागावणार नाही."

ती म्हणाली, "काकू, बुटीकवाले आत्ता कुणाला घेतच नाहीयेत. सगळे फुल आहेत. आणि मला दुसरीकडे द्यायचंही नाही. तुम्ही नुसतं सांगा, कापायला कुणीतरी असेलच ना?"

यांनी पेपरामागूनच विचारलं, "टॉलरन्स किती?"

"काय?" मी म्हटलं.

"ब्लाऊजमध्ये किती चूक चालते? अर्धा मिलिमीटर? एक?"

मुलगी टाळ्या वाजवायची बाकी राहिली. "काका क्वालिटीमध्ये होते ना? मग बेस्ट. आधी ट्रायल घेऊ."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. जुन्या चादरी काढल्या. मी खुर्चीत बसून सांगायचं आणि यांनी मेजावर आखायचं. पहिलं भांडण मापांवरून झालं, कारण मी इंचांत बोलायची आणि हे प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये करून वहीत लिहायचे. दुसरं भांडण कापडावरून. "हे हलतंय," हे तक्रार करायचे. "मोजलं तेव्हा दोनशे बारा होतं, आता दोनशे सोळा आहे."

"ते लोखंड नाही. तिरकं ओढलं की वाढणारच. दाबू नका, नुसता हात ठेवा."

मग मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना एक एक इंच माया सोडा."

"काय सोडू?"

"माया. शिलाईच्या बाहेरचं जादा कापड. उद्या घट्ट झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून."

यांनी खडू खाली ठेवला. "आमच्याकडे एवढं जादा सोडलं असतं तर माल परत आला असता."

"तुमचा माल बाळंत होत नाही," मी म्हटलं. यांनी निमूटपणे एक इंच सोडला.

पहिल्या चादरीतून यांनी पुढचे दोन भाग कापले, ते दोन्ही डावे. कापड उलटवून धरायचं राहिलं. मी ते एकावर एक ठेवून दाखवले, तर हे खूश झाले. "अगदी एकसारखे आहेत बघ."

"बाईचे दोन्ही खांदे डावे नसतात हो."

"कारखान्यात दोन भाग असे जुळले की शाबासकी मिळायची," हे म्हणाले. आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो ते तेवढ्यात कोंबडा आरवला तरी थांबलो नाही, आणि त्या वेळचा थेंब माझ्या कपाळावर पडला.

चार चादरी आणि एक जुनं धोतर संपल्यावर यांचा हात बसला. मग एका रविवारी सकाळी, ऊन खिडकीतून मेजावर आलं तेव्हा, पैठणीतला ब्लाऊजचा तुकडा काढला. तेवढा एकच तुकडा. चुकला तर दुसरा नाही, आणि काठ दोन बाह्यांना बरोबर पुरेल एवढाच. हे अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी मापं तोंडी सांगितली, यांनी वहीशी ताडून पाहिली, खडूने आखलं. मी डोळे मिटून आखणीवरून बोट फिरवलं. खडूची रेघ बोटाला लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मुंढ्याचा बाक किंचित उथळ वाटला म्हणून पाव इंच खोल करायला सांगितला.

"कापतो," हे म्हणाले.

"कापा."

कात्री पैठणीतून जाताना कर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज एकदाही अडखळला नाही. शेवटचा भाग सुटला तेव्हा यांनी कात्री ठेवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा कर. साखर घाल."

टीप मारायची वेळ आली तेव्हा नवीन अडचण. पायाचं मशीन यांना काही केल्या चालेना. पाय दाबला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. आठ दिवस प्रयत्न करून यांनी हार मानली. मग आम्ही दोन स्टुलं शेजारी शेजारी लावली. पाय माझा, हात यांचे. मी पायाने हळूहळू चालवायचं आणि यांनी कापड सुईखाली सरकवायचं. "थांब" म्हटलं की मी थांबायची, "चल" म्हटलं की चालवायची. खिडकीतून शेजारच्या आजी बघत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी चांगली गाडी शिकवायला घेतलीत." ती खिडकी बंद करायची आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.

हूक आणि हातशिलाई मी बोटांनी केली. त्याला डोळे लागतच नाहीत.

पहिल्या ट्रायलला मुलगी आत गेली आणि बाहेर आली ती हात वर न करता. "काकू, सगळं मस्त आहे, पण हात उचलला की इथे ओढतंय." मुंढ्यात घट्ट झालं होतं. हे मात्र शांतपणे म्हणाले, "माया आहे ना?" पाव इंच उसवून सैल केलं. दुसऱ्या ट्रायलला तिने दोन्ही हात वर करून गोल फिरून दाखवलं, आरशात पाठ बघितली आणि आधी यांच्या पाया पडली. हे गडबडले. म्हणाले, "पाठीवर डावी बाजू एक मिलिमीटर वर आहे."

"काका, मी पास केलंय," ती म्हणाली. "सही द्या."

मधल्या काळात दोनदा स्कॅन झाला होता. पहिल्या वेळी टेकडी निम्मी उतरली होती. बाई म्हणाल्या, "पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या उतरलात." दुसऱ्या वेळी आणखी थोडी. फ्रिजवरच्या कागदात ठिपका दिसायला लागला होता. चौकोन अजून हलायचे, पण पूर्वीसारखे पाण्यात नाही, वाऱ्यावर हलल्यासारखे. मी रोज सकाळी बघायची आणि हे वहीत नोंद करायचे: आज बरं, आज तसंच, आज बरं.

लग्न सातारा रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. मंडपाचे खांब मला अजून जरा कमरेत लचकलेले दिसत होते, पण मुलगी स्टेजवर आली तेव्हा रामा रंग आणि त्यावरचा जांभळा काठ मला पुरता दिसला, दोन्ही डोळे उघडे ठेवून. तो खरा रंग होता. दोराही जांभळाच होता. यांनी तो स्वतः निवडून माझ्याकडून दोनदा तपासून घेतला होता. जेवताना मुलीच्या एका मावशीने मला विचारलं, "ब्लाऊज तुम्हीच शिवलंत ना? बाह्यांचा काठ किती बरोबर आलाय."

"आम्ही दोघांनी," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. शेजारी बसलेले हे जिलेबीचा वेढा बोटांत धरून बघत होते. मला माहीत होतं, जाडी बघतायत.

डोळा पूर्ण बरा व्हायला सव्वातीन महिने लागले. शेवटच्या स्कॅनमध्ये पडदा पुन्हा बशीसारखा झाला होता. अगदी बारीक बघितलं तर फ्रिजवरच्या कागदावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दोन चौकोन अजून जरासे आखडलेले आहेत. बाई म्हणाल्या, ते कदाचित तसेच राहतील. मी म्हटलं, राहू देत. कापडावर तो कोपरा येतच नाही.

मग उजव्या डोळ्याचा प्रश्न आला. मी म्हटलं, नको. एक सरळ झालाय, पुरे झालं. बाई म्हणाल्या, "तुमची भीती बरोबर आहे. एका डोळ्याला सूज आली की दुसऱ्यालाही येऊ शकते. म्हणून या वेळी ऑपरेशनच्या आधीपासून थेंब सुरू करू आणि नंतरही जास्त दिवस चालू ठेवू. आली तर लवकर दिसेल, कारण तुम्हाला आता कागद बघता येतो. पण येईलच असं नाही." मी दोन आठवडे विचार केला. त्या दोन आठवड्यांत मला कळलं, की मला सुजेची भीती नव्हती. पुन्हा आशा लागेल याची होती. एकदा लागलेली आशा मोडली होती, आणि ती मोडूनही आमचा तो हिवाळा फार चांगला गेला होता, हे मी विसरले होते. ज्या दिवशी हे आठवलं, त्या दिवशी यांना म्हटलं, "तारीख घ्या."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. कोंबडा पुन्हा आरवायला लागला. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दहा वेळा कागदापुढे उभी राहायची. दुसऱ्यात पाच वेळा. तिसऱ्यात विसरायला लागले आणि हे आठवण करायचे.

मे महिन्यात तपासणी झाली. स्कॅनमध्ये टेकडी नव्हती, जिथे खोलगट असायला हवा तिथे पडदा खोलगट होता. बाहेर आलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ऊन कडक होतं आणि मला काळा चष्मा दिला होता. हे रिक्षाला हात करत होते. मी म्हटलं, "मंडईत जाऊ या. चालत."

"या उन्हात? काय हवंय?"

"काही नको. बघायचंय."

चालत गेलो. मंडईत छपराखालच्या सावलीत शिरल्यावर मी काळा चष्मा काढला. एका टोपलीत करवंदं होती, काही काळी, काही लाल, काही अजून हिरवट. शेजारी जांभळं, त्यांच्यावर राखेसारखा पुसट थर. पुढे आंबे, पेंढ्यात ठेवलेले, देठाशी केशरी आणि खाली पिवळे. मी प्रत्येक टोपलीपुढे थांबत होते. एका मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "काय पाहिजे, ताई? नुसतंच बघताय."

"हो," मी म्हटलं, "नुसतंच."

"बघा की मग. बघायचं कुठं वजन करतो आम्ही?"

हे माझ्या मागे पिशवी धरून उभे होते. पाच मिनिटांनी यांनी एक आंबा उचलला, फिरवून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "हा बघ. सगळीकडून एकसारखा पिकलाय." मी तो घेतला, नाकाशी धरला आणि म्हटलं, "द्या. डझनभर असेच निवडा." यांनी बाही सरसावली आणि एकेक आंबा उजेडात धरून तपासायला लागले. मावशी हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या, आणि मी शेजारच्या टोपलीतलं एक करवंद तोंडात टाकलं.